त्रैराशिकाचा स्वेटर

माझ्या विणकामात सुटलेला टाका सहसा सापडायचा नाही. सुलट-उलट बरोबर, शिवण सरळ, मागची बाजू पुढच्या बाजूइतकी स्वच्छ. टीव्हीवरून नजर न हटवता बॉर्डर विणावी, इतका हात आईने लहानपणीच बसवून घेतला होता. तरीही मी विणलेले निम्मेअधिक स्वेटर ज्यांच्यासाठी विणले त्यांच्या अंगावर फार दिवस दिसले नाहीत. काही कपाटात राहिले, काही भलत्याच माणसाला झाले, काहींचे उसवून मफलर झाले. दोष मापाचा होता. आता हे कबूल करणारी बाई नाशिकच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवत होती, हे सांगायला संकोच वाटतो. पण घोटाळ्याचं मूळही तिथेच असल्यामुळे सांगणं भाग आहे.

आमच्या वेळी नमुने यायचे बायकांच्या मासिकांतून, शेजारणीकडून, नाहीतर आईच्या वहीतून. वहीत मजकूर इतकाच असायचा: 'छाती ३६. सुया १० नं. आणि ८ नं. टाके ११०. बॉर्डर ३ इंच, एक सुलट एक उलट. मग ८ नं.वर एक सुई सुलट, एक सुई उलट, १५ इंच. मुंढ्याला दोन्हीकडून १४ टाके कमी.' एका नमुन्याला एकच माप. छत्तीसच्या छातीचा माणूस घरात नसेल तर काय करायचं, याचं उत्तर वहीत नव्हतं. ते मला पाठ होतं. ३६ला ११०, तर ४४ला किती? फळ्यावर असली उदाहरणं मी डोळे मिटून सोडवून दाखवत असे.

धाकटे दीर बँकेत होते. निफाडच्या शाखेत बदली झाली आणि थंडीने बेजार झाले. निफाडची थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांनी डिसेंबरातल्या वर्तमानपत्रात किमान तापमानाचे आकडे बघावेत, राज्यात खालून पहिला नंबर बऱ्याचदा निफाडचाच असतो. भाऊजींसाठी बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा स्वेटर करायचा ठरला. त्यांची छाती ४४. नमुन्यातला स्वेटर अंगापेक्षा चार इंच सैल, म्हणजे घेर ४०. भाऊजींचा हवा ४८. अठ्ठेचाळीस भागिले चाळीस, एक पूर्णांक दोन दशांश. किती सुरेख आकडा! पाठीचे टाके ११० होते, ते १३२ झाले. एका इंचात साडेपाच टाके बसत होते, त्यामुळे पाठ बरोबर २४ इंच भरली. इथपर्यंत मी शंभर टक्के बरोबर होते.

पुढे मुंढा आला. नमुन्यात दोन्हीकडून चौदा-चौदा टाके कमी करून ८२ उरत होते: २६ एका खांद्याचे, ३० गळ्याचे, २६ दुसऱ्या खांद्याचे. मी सगळ्यालाच एक पूर्णांक दोनने गुणलं. सतरा-सतरा टाके कमी केले, ९८ उरले. खांदे ३१-३१, गळा ३६. बेरीज जुळली, याचा मला केवढा आनंद! आता साडेपाचने भागून बघा: ९८ टाके म्हणजे जवळपास अठरा इंच. भाऊजींच्या एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर सोळा इंच होतं. ते मी मोजलंच नव्हतं. कशाला मोजायचं? गुणाकार केला होता ना!

माणसाची छाती छत्तीसची चव्वेचाळीस होते ती चरबीने, पोटाने, वयाने. खांद्याची हाडं विसाव्या-बाविसाव्या वर्षी जेवढी होतात तेवढीच राहतात. मानेचंही तसंच, ती थोडी जाडावते एवढंच. म्हणजे वाढवलेले बहुतेक टाके मुंढ्यातच परत काढून टाकायला हवे होते: सतराच्या जागी दोन्हीकडून बावीस. मग ८८ उरले असते, सोळा इंच. मी खांद्यावर दोन इंच जास्तीचे ठेवले. ते दोन्ही बाजूंना एकेक इंच खाली उतरले आणि मुंढ्याच्या पट्टीसकट दंडावर छपरीसारखे उभे राहिले. भाऊजी आरशासमोर उभे राहून म्हणाले, "वहिनी, छान झालाय हो. फक्त बाह्या लावायच्या विसरलात का?"

त्यांना खरंच वाटलं होतं की काम अर्धवट आहे.

पोटाची गोष्ट वेगळीच. पाठ १३२ टाक्यांची, म्हणून पुढचा भागही १३२चा. पण भाऊजींची वाढ पाठीकडे झाली नव्हती. पुढचा भाग पोटावर ताणला जाऊन वर चढायचा, मागचा खाली लोंबायचा, आणि बाजूच्या शिवणी सरळ खाली न येता पोटाकडे खेचल्या जायच्या. पुढे जास्त टाके आणि मागे कमी असं विणता येतं हे मला कितीतरी उशिरा कळलं. शिवाय पोटाच्या उंचीवर अर्धवट ओळी घालता येतात. म्हणजे ओळ टोकापर्यंत न नेता मधूनच सुई वळवायची, पुढच्या ओळीला आणखी अलीकडून वळवायची. त्याने मधल्या भागाची उंची वाढते, कडेची तेवढीच राहते. मोज्याची टाच कित्येकजणी अशीच विणतात. टाच मी डझनावारी विणल्या होत्या. जे टाचेला चालतं ते पोटालाही चालेल, हे मात्र सुचलं नाही.

भाऊजींनी तो स्वेटर कोटाच्या आत वापरला. चांगला माणूस.

त्यावरून शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही, कारण चूक आकडेमोडीत नव्हती. उलटतपासणी घ्यावी तर सगळी उत्तरं बरोबर येत होती. त्यामुळे मी समजूत करून घेतली की भाऊजींचे खांदेच जरा अरुंद आहेत.

मग धाकट्या बहिणीला मुलगा झाला. बाळंतविड्यात टोपडं, मोजे, दुपटं सगळे देतात; मी म्हटलं, आपण मोठ्या माणसांचा असतो तसा डोक्यावरून घालायचा गोल गळ्याचा स्वेटर करू. बाजारात तेव्हा तसले फार दिसत नसत आणि फोटोत ते गोड दिसतात. मोठ्या स्वेटरचा घेर ४०, बाळाचा हवा १८. गुणक आला पंचेचाळीस शतांश. मोठ्याचा गळा १७ इंच, तर बाळाचा साडेसात. विणून झाला, इवलासा, पिवळ्या रंगाचा. गळ्याचे टाके बंद करताना मी ते घट्ट ओढून बंद केले, कारण सैल कड मला आवडत नाही.

बारशाच्या दिवशी घरभर बायका असताना तो बाळाच्या डोक्यावरून घालायला घेतला. कपाळापर्यंत आला आणि थांबला. मी जरा ओढला. कान दुमडले, बाळाने आकाशपाताळ एक केलं. शेवटी आमच्या मावशीने माझ्या हातातून पोर काढून घेतलं. "अगं, झबलं उघडं ठेवून त्याला बंद का लावतात, कधी विचार केलास का? हौस म्हणून लावतात होय?"

जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे १४ इंच असतो आणि छाती त्याहून थोडी कमीच. साधारण वर्षाचं होईपर्यंत डोकं छातीच्या बरोबरीचं किंवा तिच्याहून मोठंच राहतं. मोठ्या माणसाच्या ३६ छातीला डोकं २२च्या आसपास. माणूस लहान होत गेला की त्याचं डोकं त्याच प्रमाणात लहान होत नाही. कुठल्याही पाळण्यात डोकावलं तर हे दिसतं. साडेसात इंचांचा गळा चौदा इंचांच्या डोक्यावरून जायचा तर तो दुपटीच्या जवळ ताणला जायला हवा. लोकरीची वीण पुष्कळ ताणते, पण घट्ट बंद केलेली कड अजिबात ताणत नाही. सगळ्या स्वेटरची लवचीकता त्या एका शेवटच्या ओळीपाशी संपते. गळ्याचे टाके बंद करताना एक-दोन नंबर जाड सुई घ्यावी, हे मी तेव्हापासून शिकले. आणि लहान मुलांचं काहीही करताना खांद्यावर दोन बटणं ठेवते. जाळीची वीणही टाळते, कारण जाळीत चिमुकली बोटं अडकतात. टोपड्याला हनुवटीखाली लांब बंदही नको. त्या पिवळ्या स्वेटरचा खांदा उसवून बटणपट्टी केली, तोवर बाळ त्यात मावेनासं झालं होतं.

आता नमुन्याच्या तुकड्याबद्दल. विणकाम शिकवणारं कोणतंही पुस्तक पहिल्या पानावर सांगतं की आधी हातभर नाही तरी वीतभर चौकोन विणा, धुवा, वाळवा, मग मधल्या भागात इंचाला किती टाके बसतात ते मोजा. त्या काळात मी हे कधी केलं नाही. एकतर लोकर वाया जाते. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, मला ते नवशिक्यांचं काम वाटायचं. फार तर दहा-बारा टाके घालून चार ओळी विणायच्या आणि सुईवर असतानाच पट्टी लावायची. सुईवरचे टाके सुईच्या हिशेबाने पसरलेले असतात आणि कडेचे टाके नेहमीच वेडेवाकडे असतात. अशा तुकड्याचं माप न घेतलेलंच बरं.

मुलीचं कॉलेज सुरू झालं तेव्हा तिला पुढून उघडणारा स्वेटर केला. वहीतलेच टाके, वहीतल्याच सुया, तिचं मापही नेमकं ३६. म्हटलं, आता कुठे चुकणार? पण लोकर नवी होती, किंचित बारीक, आणि त्या दिवसांत माझा हात आवळलेला होता. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे, घरी पाहुणे, रात्री अकरानंतर सुया हातात. इंचाला साडेपाचऐवजी सहा टाके बसले. अर्धा टाका! मोजायला बसलं तरी डोळ्याला पटकन दिसणार नाही. पण ११० टाक्यांना सहाने भागा: अठरा इंच आणि वर थोडं. पाठ-पोट मिळून घेर ४०चा झाला पावणेसदतीस. तीन इंचांहून जास्त गेले, आणि सगळे गेले सैलसरपणातून. बटणं लागायची, पण दोन बटणांच्या मधे फटी पडायच्या. गंमत म्हणजे एक बाही दुसरीपेक्षा रुंद होती, कारण ती दिवाळीच्या सुटीत, निवांतपणे विणली होती.

यावर मी जो उपाय केला तो मूळ चुकीहून वाईट. इस्त्री गरम केली, ओलं फडकं टाकलं आणि स्वेटर वाफेवर ताणून मोठा करायला घेतला. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. मेंढीची खरी लोकर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलवर पसरून, टाचण्या लावून वाळवली की हवा तसा आकार थोडाफार धरते. ॲक्रिलिकला जास्त उष्णता लागली की धागा मऊ पडून सैलावतो आणि त्याची ताणून परत येण्याची ताकद जाते, ती पुन्हा येत नाही. स्वेटर मोठा झाला, एवढं खरं. बॉर्डर लोळागोळा झाली, अंगावर एक विचित्र चमक आली. मुलगी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने पंडित कॉलनीजवळ रस्त्यावर बसणाऱ्या तिबेटी बाईंकडून तयार स्वेटर आणला आणि तोच घातला.

सुयांच्या नंबरांनीही एकदा फसवलं. भाची न्यू जर्सीत असते. तिने तिकडच्या पुस्तकातला एक नमुना पाठवला आणि म्हणाली, "मावशी, डिसेंबरात येतेय, मला हा करून ठेव ना." नमुन्यात सुई नंबर ८. माझ्याकडे ८ नंबरच्या सुया होत्याच. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर इंग्रजी पद्धतीचे, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. तिथला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. त्यांची लोकरही त्याला साजेशी जाड. नमुन्यात इंचाला साडेचार टाके धरले होते, माझे बसले साडेपाच. पाठीचे ९० टाके वीस इंचांऐवजी सोळा इंचांवर थोडे भरले. भाची आली, स्वेटर बघून हसायला लागली आणि आपल्या दहा वर्षांच्या लेकीला घातला. पोरीला तो अगदी बेतून केल्यासारखा बसला! आता मी नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते, आणि ज्या सुयांवर ते छापलेलं नाही त्या भोकांच्या मापपट्टीत घालून पाहते. कितीतरी जुन्या सुयांवरचे आकडे घासून गेलेले आहेत, आणि चारची म्हणून वापरत होते ती एक जोडी निघाली साडेतीनची.

पण ज्या स्वेटरने मला खरं शिकवलं तो सासूबाईंचा.

नमुना इंग्रजी पुस्तकातला, एका मैत्रिणीने उतरवून दिलेला. पुढून बटणं, पूर्ण बाही, मनगटाला घट्ट बॉर्डर, लांबी कमरेखाली नितंबांपर्यंत. यावेळी मी माप घेतलं, अगदी नीट, फितीने. छाती, दंड, बाहीची लांबी, सगळं. नमुन्याचा तुकडाही केला. चूक होण्याची सोयच ठेवली नव्हती. राखाडी लोकर, अंगाला वेणीची नक्षी. वेण्या वीण आत ओढून घेतात म्हणून एकेका वेणीमागे दोनेक टाके वाढवायचे असतात, तेही वाढवले.

सासूबाईंनी घातला, आरशात बघितलं, म्हणाल्या, "सुंदर झालाय गं. पण हा घालून मी कामं कधी करायची?"

माप मी पातळावरून घेतलं होतं, कारण सासूबाईंना फक्त पोलक्यावर उभं करून फीत लावायची माझी छाती नव्हती. त्या स्वेटर घालायच्या पदराखाली. बरोबरच होतं त्यांचं. दारात कोणी वडीलधारं आलं की पदर डोक्यावर घ्यायचा, आणि वरून स्वेटर घातला तर पदर त्यात अडकून बसतो. पदराखाली म्हणजे पोलक्याच्या वर लगेच, मग तो पोलक्यासारखा अंगासरशी हवा. माझा झाला ढगळ. डाव्या खांद्यावर पदराखाली त्याचा बोळा व्हायचा. लांबीही अशीच. नमुना ज्या बाईसाठी होता तिने स्कर्ट घातलेला. सासूबाईंच्या कमरेला निऱ्यांची जुडी, वर खोचलेल्या पातळाचे पदर, त्यात कमरेला बटव्याची गाठ. खालची दोन बटणं लागेनात. लावली तर स्वेटर वर सरकून पोटाशी गोळा व्हायचा.

आणि मनगट. त्यांच्या हातात दोन-दोन पाटल्या आणि मधे काचेच्या बांगड्या. घट्ट बॉर्डर बांगड्यांवरून घालायची तर त्या आत दाबून बसायच्या, हात उचलला की करकर आवाज यायचा. कणीक मळायला बसल्या की बाही कोपरापर्यंत सारायच्या आणि ती घट्ट बॉर्डर तिथे काचायची. पहिल्याच आठवड्यात एका बांगडीचा तुकडा पडला. त्यांनी स्वेटरची घडी करून माझ्या हातात दिली. "याच्या बाह्या तेवढ्या कापून दे."

विणलेल्या वस्तूला कात्री लावायची म्हणजे माझ्या पोटात गोळा. आधी बाहीची शिवण उसवली, ती सपाट पसरली. कोपराच्या जरा खाली एक ओळ नक्की केली आणि तिथे बरोबर मधला एक टाका, एकच, कापला. मग सुईच्या टोकाने तो धागा दोन्ही बाजूंना एकेका टाक्यातून ओढत गेले. धागा निघाला तसे वरच्या भागाचे टाके मोकळे झाले, छोट्या उघड्या तोंडांसारखे, आणि मी ते घाईघाईने १० नंबरच्या सुईवर चढवत गेले. वाटलं होतं सगळं धावत सुटेल. काही सुटलं नाही. खालचा तुकडा अख्खा वेगळा झाला, मनगटासकट. वरून खाली दोन सुलट दोन उलट अशी सैल बॉर्डर विणली, जाड सुईने टाके बंद केले. खालून विणलेल्या कापडाला वरून विणायला घेतलं की टाके अर्ध्या टाक्याने सरकतात, पण बॉर्डरमध्ये ते कोणाला दिसत नाही. अंगाची लांबीही अशीच चार इंच कमी केली. वेण्यांमुळे तिथे जरा झटापट झाली.

पाठीला त्यांना थोडं पोक होतं, तेही मी फितीवरून वगळलं होतं. पुढची लांबी आणि मागची लांबी एकच धरली होती, त्यामुळे स्वेटर मागे वर चढायचा आणि मान उघडी पडायची. थंडी वाजते ती मानेलाच. तिथे गळ्याच्या मागे अर्धवट ओळी हव्या होत्या. त्या घालायला अख्खा गळा उसवावा लागला असता. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, तिथे पदर येतो." तो स्वेटर त्यांनी मग रोज घातला, स्वयंपाकघरातही.

यानंतर फीत कुठे लावायची यापेक्षा माणूस दिवसभर काय करतो हे मी आधी विचारायला लागले. स्कूटर चालवणाऱ्याला बाही दोन इंच लांब हवी, हात पुढे गेले की ती मागे ओढली जाते. संगणकावर बसणाऱ्याला कोपराशी सैल हवं. आणि शक्य असेल तर अंगाचं माप घेतच नाही. त्याच्या आवडीचा, रोज वापरात असलेला जुना स्वेटर मागवते आणि तो जमिनीवर पसरून मोजते. अंग मोजून घेताना लोक पोट आत ओढतात. स्वेटर ओढत नाही.

त्रैराशिकाचा मोह मात्र सुटला नव्हता. भाचीने पुढे एलिझाबेथ झिमरमन यांच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. या बाई १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मल्या, अमेरिकेत स्थायिक झाल्या, आणि तिथल्या विणणाऱ्या बायकांची नमुन्यांवरची आंधळी भिस्त त्यांनी मोडली. १९७१मध्ये 'निटिंग विदाउट टिअर्स' लिहिलं. त्यांची टक्केवारीची पद्धत विणकामाच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे: अंगाच्या घेराचे टाके १००, तर मनगट २०, गळा ४०. गणिताच्या बाईला आणखी काय हवं! मी लगेच कागद घेतला आणि भाऊजींचा हिशेब मांडला. २६४ टाक्यांचे २० टक्के म्हणजे ५३ टाके, साडेपाचने भागून साडेनऊ इंचांहून जास्त. भाऊजींचं मनगट सात इंच. पेन ठेवून दिलं. अशी टक्केवारी मधल्या अंगाच्या माणसाला पहिला अंदाज म्हणून ठीक. लठ्ठ माणसाच्या मनगटाला तिचा उपयोग नाही. बाईंची दुसरी एक सूचना माझ्या जास्त उपयोगी पडली. नमुन्याचा तुकडा वाया जातो ना, मग त्याची टोपीच विणा. टोपी विणून झाली की टाके मोजायचे आणि टोपी कोणाला तरी देऊन टाकायची. आमच्या गल्लीतल्या वॉचमनपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर हिवाळ्यात माझे तुकडे असतात.

सध्या नातवाचा स्वेटर सुईवर आहे. तेरावं वर्ष. जूनमध्ये माप घेतलं, दोन इंच वाढीचे धरले. लेक म्हणाली, "आई, हा तर ओव्हरकोट झाला." नोव्हेंबरात मनगटं बाहेर आली. सुदैवाने यावेळी बाह्या खांद्याकडून खाली विणल्या होत्या, त्यामुळे बॉर्डर उसवून लांबी वाढवणं सोपं आहे. अडचण लोकरीची आहे. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबराखाली रंगाईच्या घाण्याचा नंबर असतो. त्या घाण्याची लोकर संपली, आणि दुसऱ्या घाण्याचा तोच निळा शेजारी ठेवला की वेगळा दिसतो. म्हणून बाहीचं टोक दुसऱ्या रंगात करायचं ठरलं. रंग निवडायचा अधिकार नातवाला दिला, ही नवीन चूक. त्याने काळा सांगितला. काळ्या लोकरीवर रात्रीच्या दिव्यात मला टाके दिसत नाहीत, त्यामुळे दुपारी गॅलरीत बसून विणते आहे, आणि तो शाळेतून आला की बाही हाताला लावून बघते. परवापेक्षा आज अर्धा इंच कमी पडली.